कूलर आणा, कूलर हटवा

माझं आजवरचं सगळ्यात यशस्वी पत्रक कूलरसाठी होतं, आणि ते चुकीचं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरत नाही.

पत्रकं मी बी.एस्सी.पासून लिहिते. होस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, संध्याकाळी पाचला बंद होणाऱ्या ग्रंथालयावर लिहिलं, आणि महिनोन्‌महिने अडकणाऱ्या फेलोशिपवर तर इतक्यांदा लिहिलं की गढा भागातल्या झेरॉक्सवाल्या भैयाला मजकूर पाठ झाला होता. जबलपुरात पत्रक हिंदीत लिहावं लागतं, पण राग मला मराठीत येतो. घरात मराठीत चिडायचं, मग कागदावर हिंदीत उतरवायचं. तेवढ्या वेळात राग थोडा गाळला जातो आणि पत्रक बरं होतं. माझे नियम ठरलेले होते. एका पानाच्या वर जायचं नाही. मागण्या तीनच. आणि ‘विचार व्हावा’ असं कुठेही लिहायचं नाही, कारण वरचे लोक विचार करतात आणि मग जेवायला जातात.

माझा सगळ्यात जुना राग कपाटांवर आहे. आमच्याकडच्या कॉलेजांत उपकरणं येतात, त्यांना हार घालतात, फोटो काढतात आणि कपाटात ठेवून कुलूप लावतात. वापरलं तर मोडेल, मोडलं तर जाब द्यावा लागेल. मोडलेलं उपकरण हा गुन्हा, न वापरलेलं उपकरण ही शिस्त. मुलं वहीत प्रयोगाची आकृती काढतात, आकृतीला मार्क मिळतात, आणि एम.एस्सी. होऊन बाहेर पडेपर्यंत त्यांनी खरा प्रयोग पाहिलेला नसतो. मीही त्यांतलीच. म्हणून क्वांटम विज्ञानाचं दोन आठवड्यांचं उन्हाळी प्रशिक्षण आपल्याच शहरात होणार, नुकतेच संशोधनाला लागलेले आणि कॉलेजात शिकवणारे तरुण लोक येणार, आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळणार असं कळलं तेव्हा मी पहिला अर्ज टाकला. तारखा पडल्या नेमक्या नवतप्याच्या, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस मधोमध. ज्यांनी त्या ठरवल्या ते नक्कीच एसीत बसले असतील.

माझी जोडीदार होती एक दीदी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून सिवनीच्या रस्त्याला तीन तासांवर एका छोट्या सरकारी कॉलेजात अतिथी शिक्षक. अतिथी हा शब्द किती गोड वाटतो. अर्थ असा की दर वर्षी नेमणूक नव्याने, आणि ती होईपर्यंत तोंड बंद. तिने मला पहिल्याच दिवशी हसत सांगितलं की बाई, तुझ्या कुठल्याही कागदावर मी सही करणार नाही, रागावू नकोस. माझ्याबद्दल तिच्या कानावर आधीच गेलं होतं. ती मला नेताजी म्हणायला लागली आणि दोन दिवसांत सगळा वर्ग म्हणायला लागला.

दीदीची एकच गोष्ट पणाला लागलेली होती, आणि ती उद्घाटनालाच सगळ्यांना कळली. प्रशिक्षण चालवणाऱ्या सरांनी जाहीर केलं की आमच्या टेबलावरचा प्रयोगाचा संच, लेझर, आरसे, कॅमेरा, सगळं, दीदीच्या कॉलेजाला देण्याचं ठरलंय, कारण तिथे काहीच नाही. फक्त एक अट. शेवटच्या दिवशी समितीपुढे दीदीने तो प्रयोग स्वतः, कुणाचा हात न लागता, दहा मिनिटं टिकवून दाखवायचा. नाही टिकला तर संच परत कपाटात.

कपाट त्याच खोलीत होतं. किल्ली होती प्रयोगशाळेतल्या काकांकडे. काका तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तीस वर्षं लेथवर काम केलेले, आणि आता इथे ठेक्यावर मदतनीस. घरचे मराठी, त्यामुळे मला बघून खूश. मला ताई म्हणायचे, चहा आपल्या डब्याच्या वाटीतून प्यायचे, आणि फार बोलायचे नाहीत. तेव्हा मला वाटलं, भिऊन असतात बिचारे.

प्रयोग काय होता तो सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला तो दीदीने नर्मदेच्या काठी, ग्वारीघाटावर समजावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरायच्या आधीच, आम्ही तिथे जाऊन बसलो होतो. दोन नावा एकमेकींसमोरून गेल्या आणि त्यांच्या लाटा मधे येऊन भेटल्या. दीदी एकदम सरळ बसली. म्हणाली, तिकडे बघ, जिथे दोन उंच लाटा भेटल्या तिथे पाणी दुप्पट उठलं, जिथे उंच आणि खोल भेटले तिथे पाणी सपाट. प्रकाशाचंही तेच. एक किरण घ्यायचा, अर्ध्या आरशाने त्याचे दोन करायचे, दोन वेगळ्या वाटांनी नेऊन परत भेटवायचं. भेटतात तिथे उजेड-अंधार, उजेड-अंधार असे पट्टे पडतात.

मग तिने फुलवालीकडून झेंडूचं एक फूल घेतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. “आता प्रकाश इतका कमी कर की एका वेळी एकच कण जाईल. हे एवढंच. एकटा आला, एकटा गेला. त्याला भेटायला दुसरं कुणी नाही. तरी हजारो कण एकेक करून गेले की पट्टेच पडतात. मग तो एकटा कण कुणाला भेटला?”

मी म्हटलं, दीदी, हे मला तीन वर्षं कुणी असं विचारलंच नाही. ती म्हणाली, “विचारतील कसे? मी पण सहा वर्षं शिकवून राहिले, मी तरी कुठे पाह्यलंय.” हे तिने हिंदीत म्हटलं होतं, पण मला ते आमच्या घरच्या मराठीतच आठवतं. समोरचा नावाडी कंटाळून विचारत होता की नावेत बसायचंय की नुसतं नावेकडे बोट दाखवायचंय. आम्ही बसलो. दीदीने सगळ्या वाटेत नावाड्याला लाटा समजावल्या, आणि उतरताना तो म्हणाला, मॅडमजी, ये तो हमको मालूम था.

तर कॅमेऱ्यावर एकेक ठिपका साचत पट्टे दिसायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं पट्टे जागचे हलले तर सगळं फिसकटतं, आणि पडद्यावर राखेसारखा एक डाग उरतो. समितीच्या दहा मिनिटांचा अर्थ हा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला, लेझर अजून पूर्ण उजेडावरच ठेवून आरसे केसभर इकडे, केसभर तिकडे करत असताना, कागदावरच्या लाल ठिपक्यात अचानक पट्टे उमटले. बारीक, सरळ, शांत. दीदीने आरशावरून हात काढला आणि दोन्ही हात हवेत तसेच धरून उभी राहिली, जणू पट्टे पाखरासारखे उडून जातील. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मी नाचले. खरंच नाचले, खोलीच्या बाहेर जाऊन व्हरांड्यात, कारण आत नाचायला मनाई होती. काकांनी स्टुलावरून पाहिलं आणि वाटी पुसली.

आणि त्याच दुपारी मी ते पत्रक लिहिलं.

माझी बाजू ऐका. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, कारण कॅमेऱ्याला अंधार लागतो. दार बंद. बाहेर लू. आत वीस माणसं आणि छताला पंखेच नाहीत. पंख्यांच्या जागी नुसते तीन आकडे लोंबत होते. सागरहून आलेल्या एका मुलीला चक्कर आली, तिला आम्ही उचलून बाहेर आणलं आणि तिच्या तोंडावर पाणी मारलं. ते तीन रिकामे आकडे बघून माझं डोकं फिरलं. कुणाच्या तरी घरी ते पंखे फिरून राहिले असतील, हे मला दिसायला लागलं. घरी जाऊन जेवायच्या आत लिहून काढलं. वर मोठ्या अक्षरात: ठंडी हवा हमारा हक़ है. खाली तीन मागण्या. प्रयोगशाळेत कूलर लावा. पंखे कुठे गेले ते सांगा. जबाबदारांवर कारवाई करा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्या. दीदीची सोडून. काकांना मी कागद दिला तेव्हा त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि विचारलं, “ताई, कुठं ठेवसान तो कूलर?” मी त्यांना पाच मिनिटं समजावलं की कुठे ठेवायचा हा प्रशासनाचा प्रश्न आहे, माणसाला माणसासारखं वागवणं हा आपला. चांगलं बोलले मी. त्यांनी मान हलवली आणि घडी केलेला कागद खिशात ठेवला.

सर कागद वाचून म्हणाले, मागवून घेऊ, पण तुम्ही लोक एकदा विचार करून बघा. आता हे वाक्य मी शंभर खुर्च्यांकडून ऐकलेलं. ‘सोच लीजिए’ म्हणजे ‘विसरून जा’. मी म्हटलं, सर, विचार झालेला आहे. सरांनी कागदावर मंजुरी लिहिली. माझा चेहरा बघून कुणीही लिहिली असती.

कागद दिल्यापासून तिसऱ्या दिवशी कूलर आला. इतक्या लवकर मी कधीच जिंकले नव्हते. भलामोठा प्लास्टिकचा कूलर, माणूस उभा मावेल अशा खोक्यात, टेंपोतून. काका आणि आम्ही चौघींनी तो आत घेतला, पाणी भरलं, बटण दाबलं, आणि वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी खव्याची जिलबी आणली. काळी, जड, गरम. पहिला तुकडा नेताजींना. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, चलो, कुठं तरी तुझं ऐकलं कुणी. पत्रकाची एक प्रत मी दाराच्या बाहेर चिकटवली, विजयाची खूण म्हणून.

मग आमचे पट्टे गेले.

म्हणजे दिसायचे, पण वाहायचे. कागदावर पळत एका बाजूने दुसरीकडे जायचे, थांबायचे, थरथरायचे. कॅमेऱ्यावर दहा मिनिटांनी राख. आम्ही आरशांचे स्क्रू बदलले. लेझर बदलला. टेबलाच्या पायाखाली वहीचे पुठ्ठे घातले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला चालू नको म्हणून सांगितलं, तो बिचारा अर्धा दिवस खुर्चीवर मांडी घालून बसला. दोन दिवस गेले. दीदी जेवेनाशी झाली. डबा उघडायची आणि झाकायची. तिच्या कॉलेजातल्या मुलांनी वर्गाच्या एका कोपऱ्यातली जागा झाडून ठेवली होती, त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. रिकामा कोपरा. तो फोटो तिने मला आधी हसत दाखवला होता. आता तो ती एकटीच बघायची.

मी नवीन पत्रकाचा मथळा मनात जुळवत होते: निकृष्ट उपकरणं देऊन छोट्या कॉलेजांची थट्टा बंद करा. खरंच. मी तो मोबाइलवर लिहिला पण होता.

दुपारी काका आले. डब्यातली स्टीलची वाटी त्यांनी काठोकाठ पाण्याने भरली आणि आमच्या टेबलावर ठेवली. मोबाइलचा टॉर्च लावून पाण्यावर तिरपा धरला. छतावर उजेडाचा एक गोळा पडला, आणि तो गोळा कापत होता, ताप चढलेल्या माणसासारखा. काकांनी हात लांब करून कूलरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. छतावरचा गोळा कापत राहिला, मग कमी, मग अगदी कमी, आणि मग चंद्रासारखा स्थिर झाला.

आम्ही तिघं वर बघत होतो. रिकाम्या आकड्यांच्या शेजारी तो गोळा होता.

“कारखान्यात आम्ही असंच पाहायचो,” काका म्हणाले. “मशीन सुरू करायच्या आधी वाटी ठेवायची. पाणी हाललं तर काम नाही करायचं.” थोडं थांबून म्हणाले, “पंखे मीच काढले होते, ताई. या खोलीत आरशांचं काम सुरू झालं तेव्हा. स्टोअरात ठेवून आहेत, तिन्ही. मोजून घ्या.”

जबाबदारांवर कारवाई करा, असं मी लिहिलं होतं. छापून, एकोणीस सह्या घेऊन, दारावर चिकटवून.

मी विचारलं, काका, मग सांगितलं काहून नाही? ते म्हणाले, “विचारलं तर होतं मी, कुठं ठेवसान म्हणून. तुम्ही भाषण देऊन राहिल्या होत्या.” आणि त्यांनी वाटीतलं पाणी पिऊन टाकलं.

दीदी हसायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा. आधी हळू, मग पोट धरून, मग टेबलाला धक्का लागू नये म्हणून पळत बाहेर जाऊन. मला वाटलं होतं ती रागावेल. तिचा संच माझ्यामुळे हातचा जायची वेळ आली होती. पण तिचं म्हणणं असं की पट्टे खोटे नव्हते, लेझर खोटा नव्हता, तिचे हात खोटे नव्हते, नुसता वारा होता, याहून चांगली बातमी काय असणार. शिकवणाऱ्या माणसाला कारण सापडलं की अर्धं पोट भरतं. तिने त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला, माझाही.

मी मात्र जळत होते. आणि राग फिरून परत कपाटावरच गेला. आम्ही वीस जण, सगळे फिजिक्सवाले, प्रकाशाची समीकरणं झोपेत सोडवणारे, आणि एकालाही हे सुचू नये की लाटांना धक्का लागतो. कुणी सांगणार कसं? कुणी कधी हात लावला होता? हात लावलेला एकच माणूस खोलीत होता, आणि त्याच्याकडे मी सही मागत होते, सल्ला नाही.

घरी सांगितलं तर आई पोळी लाटता लाटता थांबली. “तूच मागितला अन् आता तूच काढून राहिली? काहून?” सगळं ऐकून तिने निकाल दिला: “बरं झालं. एखाद वेळी तुझ्याच विरुद्ध पण लिहून पाह्य.”

लिहिलं. माझं सगळ्यात छोटं पत्रक. एकच ओळ: कूलर हटाओ, ग़लती मेरी थी. झेरॉक्सवाल्या भैयाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, मॅडमजी, तबीयत तो ठीक है?

वर्गात मात्र कठीण गेलं. बाकीच्या टेबलांवर बहुतेक कॉम्प्युटरचं काम, त्यांना वाऱ्याने काय फरक पडतो. एक जण म्हणाला, “नेताजी बिक गईं. बताओ तो, कितने में?” दुसरा म्हणाला, वरच्यांनी हिला एसी द्यायचं कबूल केलं असेल. चक्कर आलेली सागरची मुलगी काहीच बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणंच मला सगळ्यात जास्त लागलं, कारण माझं पहिलं पत्रक तिच्यासाठी होतं आणि ते दुःख खरं होतं. चूक मागणीत होती, दुःखात नव्हती. हे मला तोपर्यंत वेगळं करता येत नव्हतं.

मग तीच म्हणाली की कूलर व्हरांड्यात न्या, कॉम्प्युटरवाले पण व्हरांड्यात बसतील, आणि आत फक्त ज्यांना अंधार लागतो ते. इतकं सोपं. दहा मिनिटांत टेबलं बाहेर गेली. काकांचं स्टूल आधीपासून व्हरांड्यातच होतं, त्यामुळे कूलरच्या सगळ्यात जवळ तेच बसले. मी त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, आता बरोबर ठेवला ना तुम्ही.

उरलेले पाच दिवस हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस आहेत, आणि त्यात मी एकही कागद लिहिला नाही. काका म्हणाले, वारा गेला, पण सडकेवरून ट्रक जातो तेव्हा वाटी अजून हालते. तर त्यांनी भेडाघाटच्या एका मूर्तिकाराकडून कोपरा तुटलेली संगमरवराची लादी आणली, त्याला ती कुठेच विकता येत नव्हती. तिच्याखाली स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूबा, अर्ध्याच फुगवलेल्या. जास्त फुगवली की उड्या मारते, कमी फुगवली की बसते. किती फुगवायची ते वाटी सांगते. दीदीने पंप मारायचा, काकांनी वाटीकडे बघायचं, मी घाम पुसायचा. लादीवर आरसे, आणि सगळ्यावर झाकण म्हणून कूलरचं खोकं. तेच, माणूस मावेल असं. आतून काळा रंग दिला, एका बाजूला हात जाईल एवढं भोक कापलं. दीदी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होती आणि शेजारी एकच शब्द लिहीत होती: मिळतं. लादी मिळते. ट्यूब मिळते. खोकं मिळतं. तिच्या गावात एसी येणार नव्हता, पण हे सगळं मिळत होतं.

पहिल्यांदा दहा मिनिटं पूर्ण टिकली तेव्हा आम्ही पडद्यासमोर जमिनीवर बसून होतो. काळोखात एक ठिपका. मग एक. मग कुठेतरी लांब एक. काहीच अर्थ नाही, फाटलेल्या पोत्यातून सांडलेले तीळ असावेत तसे. पाचव्या मिनिटाला मला वाटलं मला भास होतोय. आठव्याला पट्टे होते. एकट्या-एकट्या आलेल्या कणांचे. काकांनी पडद्याजवळ तोंड नेऊन विचारलं की हे येतात कुठून, आणि कुठे पडायचं ते यांना कोण सांगतं. दीदी म्हणाली, काकाजी, यही तो झगड़ा है, सौ साल से. काका म्हणाले, मग चालू द्या.

शेवटचा दिवस. समिती आठला येणार होती, एकला आली. सकाळचा गारवा, सकाळची शांत सडक, ज्यावर आम्ही सगळं बेतलं होतं, ते गेलं. मुख्य पाहुणे मोठे अधिकारी, भले गृहस्थ, घामाने भिजलेले. अट अशी की दीदीशिवाय कुणी टेबलाला हात लावायचा नाही. मी भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभी. दीदीने वाटी ठेवली, पाणी पाहिलं, वाटी उचलली, खोकं झाकलं, कॅमेरा सुरू केला. ठिपके पडायला लागले.

दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला पाहुण्यांनी वर छताकडे पाहिलं, मग सरांकडे. दारावर वाचलं मी, म्हणाले, ठंडी हवा हमारा हक़ है. मुलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. कूलर बाहेर कसा? आत आणा, माझ्यासाठी नाही, या मुलांसाठी.

ते पत्रक. मी ते दारावरून काढायला विसरले होते. सर अडखळले, मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं. दोन शिपाई लगबगीने कूलरकडे निघाले, आणि चाकांवरचा कूलर फरशीवरून गडगडत दाराशी आला. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मी बोलले असते तर ते पुन्हा माझंच भांडण झालं असतं. मी ओठ चावले.

“सर, कूलर वहीं रहने दीजिए.”

दीदी बोलली होती. जिची नेमणूक दर वर्षी नव्याने, जी कुठल्याच कागदावर सही करत नव्हती, ती. आवाज मोठा नव्हता. वर्गात मागच्या बाकाला सांगावं तसा होता. तिने पाहुण्यांना समजावलं की आत एका वेळी एक कण जातोय आणि त्याला वारा चालत नाही. सात मिनिटं घाम सहन करावा लागेल.

शिपाई जागीच थांबले. पाहुणे हसले आणि बरं म्हणाले. ते बघायला अगदी खोक्याजवळ येऊन बसले, आणि सवयीने हातातल्या कागदाने वारा घ्यायला लागले. कुणीतरी त्यांना स्वागताच्या फायलीत घालून दिलेला कागद. मी अक्षरं ओळखली. माझंच पत्रक. भोकापासून वीतभर अंतरावर ते हलत होतं.

“और सर, वो पर्चा भी नीचे रख दीजिए.”

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. पाहुण्यांनी पत्रक गुडघ्यावर ठेवलं, शहाण्या मुलासारखं, आणि त्यावर हात ठेवला. मग सगळे घाम गाळत पडद्याकडे बघत राहिलो. कुणी हललं नाही. आठव्या मिनिटाला पाहुणेच हळूच म्हणाले, अरे, ये तो बन रहा है. दहाव्याला दीदीने बटण दाबून चित्र थांबवलं. पट्टे होते. मधे एक जागा जराशी पुसट, पत्रकाच्या वाऱ्याची. ती खूण मला अजून त्या चित्रात बरोबर दाखवता येते.

काकांनी कपाटाची किल्ली काढली आणि संचाचं रिकामं खोकं बाहेर काढून दिलं, भरायला. मग कपाट उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सिवनीच्या बसमध्ये आम्ही सगळं चढवलं. लादी ड्रायव्हरच्या मागे, कूलरचं खोकं घडी करून टपावर, लेझर दीदीच्या मांडीवर, ट्यूबा गळ्यात हारासारख्या. कंडक्टरने विचारलं पंक्चरचं दुकान टाकताय का. तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत मी बसमध्येच होते, उतरायचं जिवावर आलं म्हणून.

ऑगस्टमध्ये तिने एक व्हिडिओ पाठवला. तोच कोपरा, आता रिकामा नाही. काळ्या खोक्याभोवती पंधरा-वीस मुलं, पडद्यावर ठिपके, आणि मागे कुणीतरी नुकताच आलेला मुलगा विचारतोय की इतकं गरम होऊन राहिलंय, पंखा का नाही लावत. एकही मास्तर मधे पडला नाही. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “पहले कटोरी रख के देख, फिर बात कर.”